तड्यावरची काच

त्या गल्लीतल्या घराचा इतिहास भिंतींवरूनच सांगावा लागतो. आधी ते रंगाऱ्याचं गोदाम होतं, मग मुलींची शाळा. पुढे एका मालकाला दुकान हवं झालं, म्हणून त्यानं तळमजल्याची मधली भिंत काढली आणि वर आणखी एक मजला चढवला. पोट कापून डोक्यावर ओझं द्यावं, तसं. काचवाल्या काकू लग्न होऊन आल्या त्या याच घरात. नवऱ्यामागे तसबिरींना काचा बसवायचं खालचं दुकान त्यांनीच चालवलं. त्या वर राहत. दुकानामागच्या खोल्यांत धाकटा दीर, जाऊ आणि पुतण्याचा संसार.

गेल्या वर्षी खालच्या खोलीत भिंतीला तडा गेला. पालिकेच्या इंजिनिअरनं तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली, तारीख रंगवली.

"भिंत हलली तर काच तडकेल. तडकली की घर रिकामं करायचं."

काच दीड महिन्यात तडकली. आधी पाहिली काकूंनी. घर गेलं की दुकान गेलं. मग या वयात जायचं कुणाच्या दारात? घरात कुणी नसताना त्यांनी तेवढीच पट्टी कापून बसवली, तारीखही हुबेहूब रंगवली.

इंजिनिअर येऊन बघून गेला. "घर ठणठणीत आहे, काकू."

"आमच्यापेक्षा ठणठणीत," जाऊ म्हणाली.

पुढची पट्टी तीन आठवडे टिकली. त्यापुढची आठ दिवस. कुणी दार आपटलं की काकू खाली येऊन काच बघून जात. रस्त्यावरून ट्रक गेला की हातातलं काम तसंच राही.

एका सकाळी खाली ठोकाठोक ऐकून त्या धावल्या. पुतण्या त्याच भिंतीलगत पाळण्यासाठी छताला हूक ठोकत होता. सून पंधरा दिवसांचं बाळ घेऊन उभी.

"तिथे नको," काकू म्हणाल्या.

"का हो, जाऊबाई? बाकी भिंतींचा काय भरवसा? हिला निदान सरकारी काच आहे."

"तिथे... वारा लागेल."

"खिडकी तरी आहे का इथे!" पुतण्या हसला. "काकू, भिंतीला कसलं घाबरता? काच बघा, साधा ओरखडा नाही." त्यानं हातोडा उचलला.

काकूंनी त्याचं मनगट धरलं. "ती काच इंजिनिअरची नाही. मी बसवलीय. ही चौथी."

सून बाळाला छातीशी धरून अनवाणीच रस्त्यावर पळाली. मागोमाग जाऊ, दीर, पुतण्या. काकू शेवटी बाहेर आल्या. चौघंही समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. काकूंना जागा द्यायला कुणी सरकलं नाही. त्या पायरीखाली उभ्या राहून इंजिनिअरचा नंबर लावू लागल्या. दोनदा चुकला.