उंबरठा नसलेली चौकट

कौसल्याक्काच्या घरमालकाचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. "कौसल्याबाई पहाटं गेल्या," तो म्हणाला, आणि त्याच दमात, "खोली कधी मोकळी करायलाव?" मी हातातली शेंग मोडून टाकली. त्याला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, या खेपेला फक्त खोलीचं...

कौसल्याक्का, माझी जुनी मैत्रीण, बिदरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही, जागा घेतली नाही, भावांच्या पोरांची शिक्षणं मात्र केली. निवृत्त झाल्यावर ती भाड्याच्या खोल्या बदलत राहिली. एकटी म्हातारी म्हटलं की घरमालक आधी विचारणार, "रात्री काही झालं तर कुणाला बोलवायचं?" अक्का म्हणायची, "तुमच्या बायकोला रात्री काही झालं तवा मलाच बोलावलं होतं की." खोली मिळायची नाही.

बिदरबाहेर कोळारच्या रस्त्याला सरकीच्या तेलाची एक गिरणी होती. मालक कधीच उठून गेले, जमीन सरकारजमा झाली, पत्रे चोरीला गेले आणि वेड्या बाभळींनी बस्तान मांडलं. अक्काच्या डोक्यात आलं की इथं आसपासच्या कारखान्यांत राबणाऱ्यांसाठी परवडतील अशी छोटी घरं व्हावीत, आणि कडुलिंबाच्या झाडांच्या ओळीनं एकट्या म्हाताऱ्यांसाठी खोल्या. स्वयंपाक एकत्र, आणि हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर रात्री कुणीतरी झोपणारं. एवढंच. पण शहराच्या नकाशात ती जमीन जांभळी होती. जांभळं म्हणजे उद्योग. घरं बांधायची तर नकाशात पिवळा रंग लागतो. गिरणीत घुबडांशिवाय कुणी उद्योग करत नव्हतं, तरी रंग जांभळाच.

मी तेव्हा पंचावन्नची, म्हणजे स्वतःच्या मते तरुण. डाळीच्या व्यापाऱ्याची बायको, त्यात गुलबर्ग्याच्या कॉलेजातली बी.ए. त्यामुळं अर्ज लिहायचं काम मी मोठ्या तोऱ्यात माझ्याकडं घेतलं. इरकल नेसून, उंच टाचेच्या चपला घालून मी अक्काबरोबर कचेरीत गेले. माझी कन्नड इतकी अलंकारिक होती की कारकुनानं पहिलं पान वाचून चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, छान आहे. पण पाहिजे काय तुम्हाला?" बाहेर आल्यावर कौसल्याक्का इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

"शेजारची खोली तुझी बरं का, सरू," ती एकदा म्हणाली. मला रागच आला. "मला कामून? दोन मुलगे हायत माझे."

"व्हय, हायत की. भाजी निवडायला तर येशील?"

मुलगे अजून आहेत. एक पुण्यात, एक हैदराबादेत. दोघंही फोनवर फार प्रेमानं बोलतात.

जुन्या गावात एक घर पाडलं, तेव्हा अक्कानं तिथली सागवानी चौकट आणली. घराचा पत्ता नाही आणि ही दार घेऊन तयार. वर सुताराकडून तिचा उंबरठा कापून टाकला. मी चिडले. उंबरठ्याशिवाय घर कसलं? हळदीकुंकू कुठं वाहायचं? "कपाळावर वाहा," ती म्हणाली. "खुबा मोडलेल्या किती बाया मी उचलल्या ठाव हाय तुला? निम्म्या उंबऱ्याला अडखळलेल्या." मग तिनं चौकटीला पिवळा रंग दिला आणि गिरणीतल्या लिंबाला ती टेकवून ठेवली. सरकारला रंग देता येत नसेल तर आपण द्यावा, हा तिचा हिशेब.

आता वेळ अमावास्येची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथंच झाला. या सणाला आमच्याकडं गावं ओस पडतात. जो तो शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायचं, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, ताकातली आंबील शिंपडायची, आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील यांवर आडवं होईस्तोवर जेवायचं. वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून पानावर बसवायचं. ज्यांना शेत नाही ते आमंत्रणाची वाट बघतात. अक्काचं घराणं बौद्ध, तिला पांडवांशी देणंघेणं नव्हतं. पण आमंत्रणाची वाट बघणं तिला लहानपणापासून डाचायचं. तिनं ठरवलं, बिनशेतवाल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी गिरणीच्या जागेत जेवायचं. जवळच्या कमठाणा गावच्या बायांनी कडबा आणला, कुणीतरी दगडही मांडले.

आणि नेमक्या त्याच दिवशी, वर्षभर पाठपुरावा केलेला मोजणीवाला जागा बघायला आला. तिकडं म्हैसूरकडचा माणूस. त्याला वेळ अमावास्या काय ठाऊक? त्यानं कोप पाहिली, कडबा पाहिला, पानं मांडून बसलेल्या बाया पाहिल्या. विचारलं, "हे शेत कुणाचं?" आणि आमची अक्का, जी कचेरीत प्रत्येक शब्द तोलून बोलायची, ती त्या दिवशी प्रत्येक यजमानीण म्हणते तेच म्हणाली, "आमचंच शेत हाय अण्णा, बसा, जेवून जावा."

तो बसला, पोटभर जेवला. मीच त्याला आग्रह करकरून आंबील वाढली. आणि कचेरीत जाऊन त्यानं लिहिलं की जमीन लागवडीखाली असून अर्जदार स्वतः तसं सांगतात.

जांभळी जमीन हिरवी झाली. हिरवं म्हणजे शेती. आता ती शेती नाही हे सिद्ध करायचं, मग तिथं उद्योग नाही हेही, आणि मग पिवळ्यासाठी अर्ज. आम्ही प्रत्येक साहेबाला सण समजावून सांगितला. साहेब हसायचे, भज्जी कशी करतात विचारायचे, आणि बदलून जायचे. नव्या साहेबाला पुन्हा पांडवांपासून. माझं डोकं फिरायचं. अक्का म्हणायची, "जेवणाऱ्याला न्हाई कसं म्हणायचं गं?" तिला त्या वाक्याचा पश्चात्ताप कधीच झाला नाही, याचा मला अजून राग आहे.

ती गेली, आणि पंधरवड्यानं, माझ्याकडं राहिलेल्या तिच्या मोबाईलवर निरोप आला, अर्जदारानं सुनावणीला समक्ष हजर राहावं. मी गेले. टाचेच्या चपला कधीच सुटल्या, आता काठी आहे. सांगितलं, अर्जदार वारल्या. कारकून हळहळला आणि म्हणाला, "मग नव्या नावानं अर्ज करा. जागेची पाहणी पुन्हा होईल." मी माझं नाव सांगितलं. अलंकार एकही वापरला नाही.

परवाच्या वेळ अमावास्येला कोप उभारायची नाही असं मी बजावलं होतं. बाया म्हणाल्या, मग बसायचं कुठं? शेवटी त्यांनी अक्काची चौकट झाडापासून काढून मोकळ्या जागेत उभी केली, दोन्ही अंगांनी धोंडे लावले, आणि तिच्या पलीकडं पानं मांडली. "साहेब आला तर?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "म्हणायचं, आमचंच घर हाय. बसा, जेवून जावा."

बाजूनं सगळं माळरान मोकळं होतं, तरी एकजात साऱ्या जणी त्या चौकटीतूनच आत गेल्या. मी सगळ्यांत शेवटी. काठी सांभाळत चौकटीपाशी आले, आणि सवयीनं पाऊल उंच उचललं... खाली काहीच नव्हतं.