बीजींच्या शेजारची खुर्ची

माझ्या खुर्चीवर ती बसली होती आणि बीजी हसत होत्या. अख्खा हॉल हसायच्या आधी हसत होत्या. मी इतकी वर्षं त्यांच्या कानाशी बसले, पण तेव्हा त्या नेहमी सगळ्यांच्या मागून हसायच्या. लोक कशाला हसले ते मी सांगेपर्यंत वेळ जायचा. ही गुडगाववाली कानात काहीतरी पुटपुटली आणि पडद्यावरच्या माणसाचं बोलणं संपायच्या आत म्हातारी खुदखुदली. मी बाल्कनीच्या दारात वड्यांचा डबा घेऊन उभी होते.

बीजी म्हणजे थिएटरच्या मालकाची आई. यमुनेपलीकडचं ते एकपडदा थिएटर तिच्या नवऱ्यानं फाळणीनंतर इकडे आल्यावर बांधलं होतं. साखरेच्या आजारानं तिची दृष्टी गेली, पण सिनेमा सुटला नाही. वरच्या मजल्यावरच घर होतं, तिथून सून हात धरून तिला बाल्कनीत आणून बसवायची. रविवारी सकाळी हॉल वेगवेगळ्या मंडळांना मिळायचा. कधी बंगाली सिनेमा, कधी मल्याळी, कधी आपला मराठी. बीजी सगळ्यांना हजर. प्रत्येक भाषेची एक बाई ठरलेली होती, ती शेजारी बसून हिंदीत सिनेमा सांगायची. बंगालीची एक शाळामास्तरीण होती, मल्याळीची एक नर्स. मराठीची मी.

मी कशी? माझा नवरा कोपर्निकस मार्गावर सरकारी अतिथीगृहात स्वयंपाकी होता. मुंबईहून गाडीनं आलेल्या रिळांच्या पेट्या स्टेशनवरून आणायचं काम मराठी मंडळानं त्याच्याकडे दिलं होतं, म्हणून आम्ही सगळ्यांच्या आधी पोचायचो. रिकाम्या हॉलमध्ये म्हातारी एकटी बसलेली. तिनं विचारलं, कौन है? मी जाऊन बसले. एवढंच.

माझी शाळा चौथीपर्यंत. हिंदी भाजीबाजारात शिकलेली. मी दिसेल ते सांगायचे. आदमी आया, बैठ गया, औरत ने मुँह फेर लिया. बीजींना चालत होतं. मंडळातल्या साहेबांच्या बायका मला ओळखही देत नसत, पण थिएटरचा मालक स्वतः येऊन बहनजी, चाय भेजूँ, असं विचारायचा. घरी मला कुणी कधी काही विचारलं नाही. त्या खुर्चीवर बसलं की मी कोणीतरी होते.

मग गुडगावात उंच इमारती झाल्या, कंपन्या आल्या, पुण्यामुंबईचे लोक आले. मराठी शोला गाड्या लागायला लागल्या. ती त्यातलीच. पुण्याची, नवरा कॉम्प्युटरमध्ये. माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान, पण मला काकू म्हणायची.

माझी खुर्ची गेली त्याच्या आधीच्या शोला नवा सिनेमा होता. मुनिरक्यात खोल्या घेऊन सरकारी परीक्षांचा अभ्यास करणारी आपली पोरंसुद्धा आली होती. त्यात एक सून सासर कायमचं सोडून निघते आणि सासू तिची ओटी भरते. मी जे दिसलं ते सांगितलं, की सास उसकी गोद में नारियल और चावल डाल रही है. बीजींनी माझा हात दाबला आणि मुबारक म्हणाल्या. कशाचं मुबारक, मला कळलं नाही. त्यांच्याकडे दिवस गेले की बाईच्या पदरात नारळ पडतो. ते मला काय ठाऊक. बीजी पुढचा सगळा सिनेमा बाळाची वाट बघत बसल्या.

दिवे लागले तसं त्यांनी मोठ्यानं विचारलं, "बच्चा कहाँ गया?"

पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. पोरं हसली. तेव्हा ही गुडगाववाली मागच्या खुर्चीवरून वाकली आणि स्वच्छ हिंदीत समजावून सांगू लागली. आमच्याकडे घरातून निघणाऱ्या सवाष्णीला रिकामी पाठवत नाहीत. तिनं पुन्हा यावं म्हणून ओटी भरतात. ही सून परत येणार नाही हे सासूला माहीत आहे, तरी भरते, म्हणून तिथे कोणी बोलत नाही. बीजींच्या त्या निकामी डोळ्यांतून पाणी आलं.

"ये तूने क्यों नहीं बताया?" त्यांनी मला विचारलं.

"परदे पर दिखा नहीं," मी म्हटलं. खरंच दिसलं नव्हतं.

पुढच्या शोला खुर्ची गेली. इंटरवलला ती मला बघून उठली. "काकू, तुम्ही बसा ना, मी आपली सहज बसले होते." बीजींनी तिचं मनगट धरलं आणि खाली बसवलं.

"ये बैठेगी," बीजी माझ्या दिशेला तोंड करून म्हणाल्या. "तू इंटरवल में आया कर. घर-बार की सुनाया कर."

मी डबा उघडला. बीजींना चांगला वडा दिला, तिला फुटका.

पुढे मी मागच्या रांगेत बसायचे आणि पडद्यापेक्षा तिचंच ऐकायचे. वाईट सांगत असती तर बरं झालं असतं. रंग सांगायची, पावसाची जात सांगायची, गप्प माणूस कशासाठी गप्प आहे ते सांगायची. मला डोळे असून त्यातलं अर्धं दिसत नव्हतं. इंटरवलला मी बीजींजवळ जाऊन माझ्या सुनेच्या कागाळ्या सांगायचे, त्या मान हलवायच्या आणि घंटेकडे कान लावून असायच्या.

मग तिच्या नवऱ्याला कंपनीनं परदेशी पाठवलं. जाताना माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला आणि पुढच्या शोला सगळ्यांच्या आधी खुर्चीवर जाऊन बसले.

"साड़ी का रंग बता," बीजी म्हणाल्या.

"हरी."

"कैसी हरी?"

मी विचार केला. "मेथी जैसी. धुली हुई."

"वो होती तो और बताती," बीजी म्हणाल्या.

दर शोला हेच. मी रंग सांगायला शिकले, गप्प माणसाचं मन ओळखायला शिकले, आणि प्रत्येक वेळी शेवटी वो होती तो. समोर होती तेव्हा तिला फुटका वडा तरी देता येत होता. आता तेही नाही.

पुढे मॉलमध्ये चार-चार पडदे झाले आणि रविवारचे शो बंद पडले. बीजी एका हिवाळ्यात गेल्या. थिएटरला कुलूप लागलं, आता खाली पानिपतच्या चादरींचा सेल असतो. मागे मंडळाच्या गणपतीत कोणीतरी म्हणालं की ती गुडगावची होती ना, ती तिकडे परदेशातच वारली. कशानं ते मी विचारलं नाही.

तिघींतली मी तेवढी आहे.