विहिरीकडचा सापळा

नामदेवभाऊ माझ्या एका वाक्यामुळे गेले.

आज वर्ष झालं. वर्षभर ते वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही. जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

कनेरगाव नाक्याजवळ आमचं दोन एकर वावर आहे. मी हिंगोलीत शाळेत शिकवते. शेती सगळी नामदेवभाऊंच्या हातात. वीस वर्षं. फवारणीचा पंपही त्यांच्याच पाठीवर.

मागच्या वर्षी तिथे कपाशी होती आणि सायली आली. कृषी कॉलेजची, शेवटच्या वर्षाची. इंटर्नशिपमध्ये तिचं काम एकच, वावरातल्या किडींची रोज नोंद ठेवायची.

तिने चार कामगंध सापळे लावले. काठीला टांगलेली प्लॅस्टिकची लांब पिशवी, वर वासाची गोळी. बोंडअळीचे पतंग त्या वासाने येतात आणि पिशवीत पडतात. सलग तीन दिवस सापळ्यात रोज नवे आठ किंवा जास्त पतंग आले, तरच फवारायचं.
नाहीतर नाही.

नामदेवभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरी, बापानं फी भरली अन् तू इथं पाखरं मोजून राहिली?"

"मामा, फवारायचं का नाही ते ही पाखरंच सांगतात."

"मंग तेह्यलाच इचार, माझ्या पाठीवरचा पंप उतरवून देतेत का!"

आणि खरंच, पाखरांनी पंप उतरवला. कितीतरी आठवडे तो गोठ्यात खुंटीला लटकून होता.
भाऊ फोनवर सांगायचे, "ताई, औंदा पाठ हलकी हाय."

ऑक्टोबरमध्ये सायलीला परीक्षेसाठी आठवडाभर कॉलेजला जावं लागलं. जाताना ती भाऊंना मोजायला शिकवून गेली. विहिरीकडच्या सापळ्यात पतंग जास्त पडायचे, तोच बघायचा आणि रोज सकाळी मला फोन करायचा.

मोजून झालं की पिशवीची गाठ सोडून ती रिकामी करायची, एवढंच सांगायचं राहून गेलं. सायली ते रोज स्वतःच करायची. हाताच्या सवयीचं काम, सांगायचं सुचतच नाही.

सोमवारी भाऊंचा फोन आला. तीन.
मंगळवारी पाच.
बुधवारी आठ.
गुरुवारी दहा.
शुक्रवारी तेरा.

मी म्हणाले, "भाऊ, उद्या फवारून घ्या."

"ताई, कपाशी डोक्याच्या वर गेली. फवारा आपल्याच तोंडावर येते. राहू देता का चार दिस?"

"तीन दिवस झाले ना भाऊ. नियम आहे."

"बरं. तुमी म्हणता तर बराबर असंल."

त्यांच्यासाठी मी मास्क आणि चष्मा आणला होता. हरवू नये म्हणून माझ्या हिंगोलीच्या कपाटात नीट ठेवला होता.
भाऊंनी तोंडाला दस्ती बांधली आणि भर उन्हात दोन एकर फवारलं.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. रात्री दवाखाना. सोमवारी सकाळी संपलं.

ते दवाखान्यात असताना रविवारी सायली परत आली. आधी वावरात गेली. तिथूनच फोन केला.

"मॅडम, पिशवीत पंधरा आहेत. पण ताजे दोनच. बाकीचे वाळून गेलेत. मामांनी पिशवी रिकामीच केली नाही. रोज तेच तेच मोजले."

मग बराच वेळ नुसतं रडणं.
"मी सांगितलंच नाही हो त्यांना. फवारणीची गरजच नव्हती. मी मारलं मामांना."

मी म्हणाले, "असं नको बोलूस बाळा."

एवढंच म्हणाले. पुढचं बोलले नाही.

पुढचं आज लिहिते.

त्या मंगळवारी, पाच सांगितल्यावर, भाऊंनी मला विचारलं होतं.
"ताई, येक इचारू? कालचे मेलेले बी तेच्यातच हायत. ते बी धरायचे का?"

मी स्टाफरूममध्ये होते. पुढ्यात वह्यांचा गठ्ठा. प्रार्थनेची घंटा झाली होती.

मी म्हणाले, "धरा ना भाऊ. जेवढे असतील तेवढे सगळे धरा."

हेच ते वाक्य.

ज्यांना आम्ही नीट शिकवलं नव्हतं, त्यांना शंका आली. मी शिकलेली, मला आली नाही. मी नीट ऐकलंसुद्धा नाही.

सायलीने रिपोर्टमध्ये चूक स्वतःच्या नावावर लिहिली. मी तो वाचला आणि गप्प बसले.
मागच्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, पोरगी राहिलेली शेवटची परीक्षा यंदा बी द्यायची न्हाई म्हणते. वावराकडं बघत बी न्हाई. घरच्या दुकानात बसून राहते. तुमी तरी समजावा."

आज सकाळी आधी नामदेवभाऊंच्या घरी गेले. फोटोला हार घातलेला होता. वहिनींना सगळं सांगितलं.
त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला.

"मंग तवाच काहून न्हाई बोलल्या?"

त्यांनी पुन्हा पिठात हात घातला. बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

परत येताना वावरात थांबले. यंदा सोयाबीन घेतलं होतं, ते निघालंय. मोकळ्या रानात विहिरीजवळची ती काठी अजून उभी आहे.

सायली, तुझं सांगायचं राहिलं, हे खरं. पण भाऊंनी ते विचारून घेतलं होतं. माझ्याकडून. चुकीचं उत्तर मी दिलं. नंतर वर्षभर गप्प राहिले, हे त्याहून वाईट.
हे तुला सकाळीच पाठवलंय. इथे सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे मला मागे घेता येणार नाही.
परीक्षा दे.

नामदेवभाऊ, तुमचं विचारणं बराबर होतं.
कालचे मेलेले धरायचे नव्हते.

हात जोडते, भाऊ.