आप्पांची लाल होडी

आमच्या बापूंनी होडी रंगवायला काढली ती नेमकी तळ्यात टिपूस नसताना. लोक पोट धरून हसले, आणि मला आजही वाटतं की हसायलाच हवं होतं. तळ्यातून बैलगाड्या जात होत्या आणि आमच्या अंगणात होडी!

होडी घरचीच. तळं झालं तेव्हा आमचं निम्मं रान पलीकडे गेलं, म्हणून बापूंनी ती घेतली. पलीकडेच कंधार तालुक्यात आईचं माहेर. दर पंचमीला आई होडीतून माहेरी जायची. तिचे वडील, म्हणजे आमचे आप्पा, काठावर येऊन बसायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस ओळखू यायचा नाही, पण पाण्यावरचा लाल ठिपका तेवढा दिसायचा. तो दिसला की आप्पा ताडकन उठायचे आणि पटका हलवत ओरडायचे, "आली रं, आमची आली!" त्या हाकेनं आई वर्षभर पुरेल एवढी खूश व्हायची.

दुष्काळात उन्हानं फळ्या सुकल्या आणि फटी पडायला लागल्या. बापू म्हणाले, "होडीला रोज पानी पाजावं लागतंय."

"मानसाला प्यायला न्हाई आन् लाकडाला पाजता व्हय?" आई कडाडली.

दोघांचे आवाज असे खणखणीत की आमच्या घरी जुंपली की शेजारणी चुलीवरची भाकरी विसरायच्या. शेवटी तोड आईनंच काढली. सगळ्यांनी होडीत बसूनच अंघोळ करायची. काय धमाल होती ती! आम्ही भावंडं अंगाला साबण फासून वल्ही मारल्याचं सोंग करायचो. दोन दिवसांत गल्लीतली पोरं टॉवेल घेऊन दारात हजर, "आमाला बी होडीत न्हायचंय." मात्र पाणी आपापल्या घरून आणायचं, अशी आईची सक्त ताकीद. सगळ्यांत शेवटी बापू लुंगी लावून, गंभीर चेहऱ्यानं मधोमध बसायचे, आणि आई वरून तांब्या ओतत भांडायची. मी हसून हसून अंगणात लोळायची.

ढग दिसायला लागले तशा अंघोळी बंद झाल्या. होडी सावलीत वाळू दिली, फटींत कापूस आणि डांबर ठासलं आणि बापू तालुक्याहून पेंटरचाचांना घेऊन आले.

आता झालं होतं असं, की आमचा जिल्हा नुकताच बदलला होता. उस्मानाबाद पुसून लातूर लिहायचं काम गावोगाव निघालेलं. चाचांना जेवायला फुरसत नव्हती.

"लाल न्हाई, भाभी," चाचा म्हणाले. "सगळा लाल पुढाऱ्यांच्या कमानींत गेला. पाट्यांचा पिवळा हाय."

"आप्पाला पिवळं दिसतंय का, ते तरी इचारलं का कुनी?" आईचा आवाज पहिल्यांदाच चिरका झाला. पण वरून आभाळ गडगडत होतं, थांबायला वेळ नव्हता. होडी हळदीच्या नवरीसारखी पिवळीधमक झाली. वर हाताच्या सवयीनं चाचांनी बाजूला काळ्या अक्षरात 'जिल्हा लातूर' लिहून टाकलं.

"होडीला कशाला जिल्हा?"

"असू द्या भाभी. समद्यालाच लिहून राहिलो."

रंग वाळतो न वाळतो तोच पाऊस कोसळला आणि तळं भरलं. पायवाट बुडाली. होडीचा रंग बदलल्याचा निरोप आप्पांना द्यायला कुणी गेलंच नाही.

पंचमीला निघालो. फळ्यांतून थेंबही आत येत नव्हता, बापूंची छाती फुगलेली. आई मात्र नवं लुगडं मुठीत आवळून समोर बघत बसलेली. पलीकडचा काठ दिसायला लागला. आप्पा बसलेले होते. आम्ही जवळ गेलो, आणखी जवळ गेलो. आप्पा बसलेलेच.

आईचा बांध फुटला. "म्हनलं हुतं ना लाल आना म्हनून!"

"लाल काय माझ्या शेतात पिकतोय?" बापूंनी वल्हं आपटलं.

"पिवळी नवरी करून ठिवली होडीची!"

"खाली बस, बुडशील!"

"बुडू द्या!"

तेवढ्यात काठावर आप्पा ताडकन उठले. पटका सोडून त्यांनी गरागरा फिरवला आणि ओरडले, "आली रं, आमची आली!"

आईनं शिवी अर्ध्यात गिळली. ती हसत होती की रडत होती, मला तेव्हाही कळलं नाही.

होडी काठाला लागल्यावर आप्पांनी आईच्या तोंडावरून हात फिरवला. "नदरंचं आता काई खरं न्हाई, बाई. पर असं भांडन दुसऱ्या कुन्या होडीत असतंय व्हय?" मग चाचपडत त्यांनी होडीच्या कडेला हात लावला. "लालच हाय न्हवं?"

मी तोंड उघडलं, तर आईनं मला चिमटा काढला.

"हाव आप्पा," आई म्हणाली. "लालच हाय."

आणि जन्मात पहिल्यांदा बापू तिच्याशी भांडले नाहीत. म्हणाले, "लई लाल हाय, मामा."