उस्तादची परात

उस्ताद गाडीची दोन चाकं कधी एकदम उघडत नसे. मागचे ब्रेक बदलायचे असले की आधी डावं चाक काढायचं, ड्रम उतरवायचा, आतले ब्रेक-शू, स्प्रिंगा, हँडब्रेकची पट्टी बदलायची, चाक परत चढवून बोल्ट आवळायचे आणि मगच उजव्या बाजूला जायचं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "एक साबूत ठेवा लागते जी. मधातच भुललो तं खोलून पाहाले कायी पाहिजे ना?" आता यात एवढं काय मोठं? पण आमच्या सासुरवाडीत हे वाक्य गीतेतल्या श्लोकासारखं सांगितलं जाई आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

उस्ताद म्हणजे माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गाव नरखेड तालुक्यातलं, घरी संत्र्याची बाग. विहिरीवरचे पंप खोलून जोडण्यात वाढलेला हा माणूस नागपुरात एका कचेरीत कारकून म्हणून लागला होता. लग्नाला महिना झाला नसेल, तोच तो धंतोलीतल्या आमच्या सासऱ्यांच्या काळ्या अ‍ॅम्बॅसडरखाली शिरला. मी ओट्यावर बसून चहा घेत होतो. तिथूनच म्हटलं, "वा रे उस्ताद!" टोमणा होता हो तो, शुद्ध टोमणा. पण सासऱ्यांनी तो उचलला, सासूबाईंनी उचलला, मेव्हण्यांनी उचलला, आणि बघता बघता ती पदवी झाली. मी ठेवलेलं नाव सगळ्यांच्या तोंडी प्रेमानं बसलं. मग मी ते टाकलं. त्यानंतर मी त्याला समोरासमोर कधी उस्ताद म्हटलं नाही. "अहो, जरा ऐकता का," एवढ्यावर भागवलं.

माझी बाजूही ऐका. मी थोरला जावई. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, चारचौघांत बोलू शकतो. सासरे वकील, पण स्टिअरिंगला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. रविवारी त्यांना कुठं जायचं असलं की गाडी मी चालवायची, असा आमच्या घरचा रिवाज. त्या एका दिवसासाठी मी आठवडाभर जगत असे म्हणा ना. उस्ताद आला आणि सासरे गाडीत बसण्याआधी विचारू लागले, "उस्तादनं पाहिली का गाडी?" त्यानं पाहिली असली तरच ते माझ्या शेजारी बसायचे. म्हणजे चालवणारा मी आणि भरवसा त्याच्यावर!

आणि ती परात. सासूबाईंनी इतवारीतून निवडून आणलेली मोठी पितळी परात, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. कणीक तिच्यातच मळायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, सुनांनीसुद्धा नाही. ती परात त्यांनी एका रविवारी आपणहून अंगणात आणली आणि उस्तादच्या पुढ्यात ठेवली, काढलेले सुटे भाग हरवू नयेत म्हणून. त्यात त्यानं रॉकेल ओतलं, ग्रीसनं बरबटलेल्या स्प्रिंगा टाकल्या, आणि सासूबाई पाहत उभ्या होत्या, अगदी कौतुकानं! कणकेसाठी त्यांनी दुसरी परात घेतली. ही उस्तादची झाली.

अधिक महिन्यात मला चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे मिळाले होते. त्यालाही मिळाले म्हणा. पण ताट काय, रिवाज म्हणून मिळतं. परात रिवाज म्हणून मिळत नाही. मला ती परात हवी होती. प्राध्यापक माणसाला रॉकेलच्या परातीचा हेवा वाटावा हे कुणाला सांगणार? बायकोला एकदा सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

काम करण्याची त्याची तऱ्हाही चीड आणणारी. आधी बिडी विझवून चाकासमोर उकिडवा बसायचा आणि नुसता पाहत राहायचा. "आता काय मुहूर्त काढून राहिले का?" मी विचारायचो. "पाहून राहिलो दादा. काहून घाई करता? आधी पाह्यचं, मंग खोलायचं." ड्रममधल्या काळ्या भुकटीवर फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. बायकोला हाक मारायची ती सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी, "अवं, तो पॉलिश पेपर आण ना वं!" आणि माझी मेहुणी, जिनं माहेरी कधी इकडची काडी तिकडे केली नाही, ती धावत जाऊन आणायची. आमची ही कधी माझ्यासाठी डस्टर घेऊन धावली नाही.

एकदा संत्र्याच्या तोडणीसाठी तो आठवडाभर गावी गेला, आणि नेमका तेव्हाच हँडब्रेक ढिला पडला. दांडी ओढली तरी गाडी धरेना. मागून किर्र आवाजही येऊ लागला. सासरे म्हणाले, "येऊ दे उस्तादला." मी म्हटलं, "त्यात काय, मी करतो." सासरे चष्म्यावरून पाहत राहिले. मी जरीपटक्याच्या बाजारात जाऊन सामान आणलं, बाह्या सरसावल्या आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, परात द्या."

"ती उस्तादची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही वर्तमानपत्र घ्या ना."

मग काय, माझा पारा चढला. त्याला एका बाजूला अख्खी सकाळ लागते ना, मी दोन्ही करून दाखवतो. दोन्ही चाकं उघडली. डाव्या बाजूचे भाग एका वर्तमानपत्रावर, उजव्या बाजूचे दुसऱ्यावर. वाऱ्याची एक झुळूक आली, कागद उडाले, आणि स्प्रिंगा, पट्ट्या, खिळे अंगणभर झाले. मी सगळं गोळा केलं आणि बसेल तसं बसवलं. बसलंही हो! दांडी ओढून गाडी ढकलून पाहिली, हलली नाही. सपाट अंगणात ती तशीही हलली नसती, पण तेव्हा हे सुचलं असतं तर काय पाहिजे होतं? "झाली बरं का गाडी," मी सासऱ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

पुढच्या रविवारी रामटेकला जायचं ठरलं. उस्ताद आदल्या दिवशी परतला होता, तोही मागच्या सीटवर होता. सासऱ्यांनी त्याला काही विचारलं नाही, थेट माझ्या शेजारी येऊन बसले. मी काय सांगू, मनसरच्या रस्त्याला मी गाणं गुणगुणत होतो. गडावर गर्दी होती, म्हणून चढावावरच गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि सासूबाईंसाठी दार उघडायला रुबाबात खाली उतरलो. गाडी मागे निघाली. सासरे आत, सासूबाई आत, माझी बायको आत, मागे उतार आणि त्यावरून चढून येणारी माणसं. माझा हात दाराच्या मुठीवर तसाच.

चार बोटं सरकली असेल, आणि गचकन थांबली. मागच्या चाकाजवळ उस्ताद वाकलेला होता. पायाशी गोणपाटात तो दोन लाकडी पाचरी नेहमी ठेवत असे. मी दांडी ओढताच त्या घेऊन तो पलीकडच्या दारानं उतरला होता आणि चाकांमागे सरकवून मोकळाही झाला होता.

"काय झालं रे?" आतून सासऱ्यांनी विचारलं.

"कायी नाही बाबा. चढावावर गाडी पाचरीवर अशीच बसते," तो म्हणाला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दांडी लय वर आली ना दादा, तवाच समजलं मले. वापस जाताना गियरातच उतरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकलवरून माझ्या घरी हजर. सासुरवाडीला पोचल्यावर त्यानंच सांगितलं, "दादाले मीच आणलं. मले एकट्याले जमत नाही." सासूबाईंनी परात आणून दिली, अर्थात त्याच्या हातात. डावं चाक उघडून तो पाहत बसला. "हे पाहा, उजवी पट्टी इकडं आली. दोन्ही संगंच खोलले काय?" मी फडकं उचलून हात पुसू लागलो. "होते जी," तो म्हणाला. डावी बाजू त्यानं केली. उजवी माझ्याकडून करून घेतली, एका शब्दानंही न दुखवता. कुणाला कधीही कळलं नाही. त्यानं मला वाचवलं, आणि त्याबद्दल मी त्याच्यावर कितीतरी महिने जळत होतो. निदान चारचौघांत हसला असता तर मला त्याचा राग तरी करता आला असता.

पुढे त्याचे वडील गेले. बाग पाहायला कुणी नव्हतं, म्हणून नोकरी सोडून तो गावी निघाला. एसटी स्टँडवर त्यानं त्या पाचरी माझ्या हातात दिल्या. "आता तुमीच आहे इथं," म्हणाला. खोटं कशाला बोलू, एसटी वळली तसा मला आनंद झाला. आता परात माझी!

आणि खरंच, त्यानंतर मी पहिल्यांदा चाकाला हात घातला तेव्हा सासूबाई न मागता परात घेऊन आल्या. माझी छाती फुगली. त्या म्हणाल्या, "जाताना तो सांगून गेला, दादा बसले की त्यांना परात देत जा." झालं! म्हणजे हीसुद्धा त्याच्याच शिफारशीनं. त्या दिवशी मी दात ओठ खात काम केलं. पण एका वेळी एकच चाक उघडलं.

दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, गावाहून निरोप आला. विहिरीवर मोटर पाहता पाहता त्याच्या छातीत कळ आली होती. माणसं धावून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. तेरवीला मेहुणीच्या तोंडाकडे मला पाहवेना. परत येताना गाडी मीच चालवत होतो, शेजारी सासरे. 

महिन्याभरानं हँडब्रेक पुन्हा ढिला झाला. मी अंगणात बसलो. सासूबाईंनी परात आणली, पण खाली ठेवली नाही, माझ्या हातात दिली. "काम झालं की घरीच घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आता मागायला दुसरं कोण येणार आहे?" तळाला ग्रीसचं काळं कडं तसंच होतं. इतकी वर्षं तिच्यावर डोळा ठेवला, आणि हातात आली तर ती मला नको झाली होती.

मी डावं चाक उघडलं. निम्मं काम झालं आणि एका स्प्रिंगेचं टोक कुठल्या भोकात जातं तेच आठवेना. उजवं चाक बंद होतं, उठून उघडून पाहिलं असतं की झालं असतं. पण त्याआधीच माझ्या तोंडून मोठ्यानं हाक निघून गेली, "उस्ताद, जरा पाहता का हो?"

सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मी परातीत पाहत राहिलो, वर पाहायची माझी हिंमत झाली नाही.