आत जाण्याआधी बूट धुवा

माझी बायको लोकांचे बूट तपासते. ती काय करते असं कुणी विचारलं की मी हेच सांगतो, आणि समोरचा हसला की माझं डोकं फिरतं.

आमच्या वस्तीच्या टोकाला जुन्या झाडांची राई आहे. ही झाडं मूळची इथलीच, दुसरीकडे नेऊन लावली तर तग धरत नाहीत. पलीकडच्या टेकडीवरही अशीच राई होती. तिथं मुळं कुजवणारा रोग शिरला आणि ती उभीच्या उभी वाळली. हा रोग मातीतून पसरतो. बुटाच्या तळाला चिकटून आलेली चिमूटभर ओली मातीही त्याला पुरते. म्हणून आमच्या राईच्या फाटकाशी एक बाकडं, पाण्याची टाकी, औषधाचा फवारा, राठ केसांचा ब्रश आणि माझी बायको एवढा बंदोबस्त आहे.

तिला कुणाची भीडभाड नाही. मी एकदा तिला डबा द्यायला गेलो, तर मलाही माघारी पाठवलं. डबा तिनं फाटकावरूनच घेतला. घरातही मी पायपुसण्यावर पाय घासल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरत नाही. संसार टिकवायचा तर माणसाला काय काय करावं लागतं!

माझे सासरे पलीकडच्या राईचे रखवालदार होते. निवृत्तीनंतरही ते त्याच टेकडीखाली राहतात. त्यांच्या डोळ्यांदेखत तिथली झाडं गेली. यंदा त्यांचे गुडघे पार कामातून गेले, तेव्हा ते लेकीला म्हणाले, "मला एकदा जिवंत झाडाला हात लावायचाय गं."

तिनं त्यांना आणलं, फाटकाशी बाकड्यावर बसवलं आणि त्यांचा एकेक पाय आपल्या मांडीवर घेऊन बूट घासायला लागली. म्हातारा ओशाळला. "राहू दे गं, मी करतो."

"वाकता येतं का तुम्हाला? गप्प बसा, बाबा."

बूट घासता घासता तिला रडू फुटलं, मग दोघंही हसले आणि हातात हात घालून आत गेले. मी तेव्हा दुकानात होतो. पण हे सगळं तिनं मला नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथं उभा होतो असं वाटतं.

त्या संध्याकाळी सासरे भलतेच खुशीत होते. जेवताना त्यांचं तोंड थांबत नव्हतं. "खोड कवेत मावेना, जावईबापू! मग दोन मुळांच्या मधे काठी चांगली रोवली, तिच्यावर भार टाकला आणि दुसऱ्या हातानं कुरवाळलं त्याला."

वाढता वाढता बायकोचा हात थांबला. ती उठून दाराशी गेली. काठीच्या टोकाचं रबरी बूच तिनं ओढून काढलं आणि उजेडात धरलं. आत काळी माती होती, अजून ओलसर. "बाबा, हे झिजलंय, नवं बसवून देते," एवढंच म्हणून तिनं ते पिशवीत घालून गाठ मारली.

आमच्या खोलीत आल्यावर मात्र ती मटकन खाली बसली. "अहो, मी बुटांच्या नाड्यासुद्धा धुतल्या. आणि ती काठी मीच त्यांच्या हातात दिली."

"काही नसेलही त्या मातीत," मी म्हणालो. "उगाच कशाला बोलतेस कुठं? नोकरी जाईल."

"जाऊ दे की! त्या मुळांना रोग लागला तर तो माझ्या नोकरीसाठी थांबणार आहे का?"

सकाळी तिनं स्वतःहून साहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते नुसते खुर्चीत मागे टेकले. पायवाट बंद झाली. काठी जिथं जिथं टेकली असेल तिथली माती तपासायला गेली. सासऱ्यांना आम्ही नवं बूच बसवून घरी पोचवलं, आणि कुणीच त्यांना काही बोललं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. बायकोचा जीव टांगणीला लागला होता. फाटक बंद असलं तरी ती रोज जायची, दुर्बीण लावून शेंडे बघत बसायची, आणि एखादं पिवळं पान दिसलं की मला फोन करायची. "जुनं पान असेल," मी म्हणायचो. मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. सासऱ्यांचाही रोज फोन यायचा. "माझं झाड कसं आहे?" ते विचारायचे, आणि ही म्हणायची, "मजेत आहे, बाबा." फोन ठेवल्यावर तिला जेवण जायचं नाही.

तपासणीत बुचातल्या मातीत रोग निघाला. त्या एका झाडाच्या मुळांशीही निघाला. बाकी ठिकाणी सापडला नाही, पण म्हणून तिथं तो नाहीच असं छातीठोकपणे कुणी सांगेना. शेजारच्या झाडांपर्यंत तो पोचू नये म्हणून ते झाड पाडायचं आणि खालची माती उकरून काढायची असं ठरलं.

झाड पाडलं त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी फाटकाशी गेलो. आतून करवतीचा आवाज येत होता. बायको ब्रश घेऊन बसली होती, पण आता ती बाहेर येणाऱ्यांचे बूट धूत होती. माणसांचे बूट, करवती, दोर, गाडीची चाकं, सगळं. बाहेर आलेल्या एका कामगाराच्या केसांत एक पान अडकलं होतं. ते हिरवंगार होतं. तिनं तेही काढून औषधात बुडवलं.

संध्याकाळी फोन वाजला. "माझं झाड कसं आहे?"

"पाडलं, बाबा." तिचा आवाज फुटला. "तुमच्या काठीला तिकडची माती होती. मी काठी धुतली नाही."

फोन स्पीकरवर होता. मला भीती वाटली, म्हातारा कोसळतो की काय! मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि शेजारची?"

"माहीत नाही, बाबा. अजून कुणालाच माहीत नाही."

"आमच्याकडेही आधी एकच झाड गेलं होतं," सासरे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.