हात कानाला पुरला

शांतीनं डोक्यावरून उजवा हात नेला आणि डावा कान धरला. वर सुपरवायझर साहेबांकडं बघून हसली. तिची सुकडी तिथंच बंद झाली.

दुष्काळाचं साल होतं. जऊळक्याजवळच्या एका गावात मी बालवाडी चालवत होते. चौथी पास बाईला तेव्हा ते काम मिळायचं. सुकडी म्हणजे गूळ घातलेलं भाजकं पीठ. सहा वर्षांच्या आतल्या लेकरांना ती रोज वाटीभर द्यायची. जन्माची नोंद कोणाकडंच नव्हती, म्हणून कानाचं माप. डोक्यावरून नेलेला हात पलीकडच्या कानाला पुरला की लेकरू सहाचं झालं, त्यानं शाळेत जायचं. बायांनी आपापली पोरं पढवून ठेवली होती. साहेब आले की बोटं कानाच्या अलीकडंच थांबायची. शांतीलाही सांगितलं होतं. पण तिला मोठं व्हायची फार हौस.

"साहेब, हाताच्या काड्या झाल्या तिच्या. काडी लांबच दिसते," मी म्हणाले.

"बाई, नियम मी नाही केला. शाळेत घाला तिला."

"शाळेत खायला मिळतं काय?"

साहेब जीपमध्ये जाऊन बसले.

संध्याकाळी तिची आई कौसल्या खडीवरून थेट माझ्या दारात आली. खडी म्हणजे रस्त्यासाठी दगड फोडायचं सरकारी काम.

"बाई, लेकराच्या तोंडचा घास काहून काढला व?"

"मी नाही काढला. तुह्या पोरीनंच कान धरला."

"धरला तं धरला! लेकरू हाय ते, त्याले काय समजते?"

"हे साहेबाले सांग."

"सायब मले इचारते काय!"

उरलीसुरली सुकडी मी शांतीला देऊन पाहिली. बाकीच्या बाया भांडायला उठल्या. आमच्या पोराच्या वाटीतली तिला काहून? त्यांचंही खोटं नव्हतं. दुपारपर्यंत त्यांचीही लेकरं भुकेनं रडायची. मला ते थांबवावं लागलं.

मग कौसल्या पोरीला खडीवर घेऊन गेली. मुकादमानं तिचं नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीवर, घेतलं नाही.

"एवढंसं लेकरू आणतं काय व? दगड पडला पायावर तं मले कोण सोडवीन?"

"बालवाडीत मोठी, अन् इथं लेकरू? मंग इले खाऊ कोन घालते?"

"मले काय माईत? घरी ठेव."

घरी ती मोठीच होती. मांडीवर तान्हा भाऊ, चूल तिची, पाणी तिचं. आजी खाटेवरून म्हणायची, "इच्याएवढी होती तं म्या नांदाले आली." भावाला भरवून उरेल ते शांतीचं. उरत नसे. मी एकदा गेले तेव्हा म्हटलं, त्याला जरा खाली ठेव. "तो रडते," म्हणाली.

उन्हाळ्यात गावात हगवण आली. भाऊ वाचला. शांती गेली.

आमच्याकडं मोठं माणूस जाळतात, लेकरू पुरतात. लाकडं आणायची की खड्डा खणायचा, असं कोणीतरी विचारलं. आजीनंच तिचा ओठ वर करून पाहिला.

"दुधाचे दात हायेत सारे. एकबी पडला नाही. लेकरूच हाय. पुरा."

मुकादम आला होता, त्यानंही मान हलवली. कोणी वाद घातला नाही.

मी पुढं बरीच वर्षं बालवाडीत काढली. साहेब बदलले, मापं बदलली. लेकरू कोणाला म्हणायचं, हे मात्र जो तो आपल्या सोयीनंच ठरवत राहिला.